नायलॉनमध्ये मास्टरबॅच: सोलणारी कॅप, मळका पिवळा आणि पावसाळ्यातल्या चंदेरी रेघा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका मोल्डिंग युनिटचा प्रश्न असा आहे. ८० टनाच्या मशीनवर नायलॉन ६ मध्ये द्राक्षबागेच्या फवारणी गनची कॅप काढतात. डाय ८ कॅव्हिटीची, म्हणजे एका वेळी ८ कॅप, एक कॅप साधारण ५ ग्रॅमची, रनर (माल वाहून नेणारी दांडी) धरून शॉट, म्हणजे एका वेळचा माल, ४८ ग्रॅमचा. दुसऱ्या मशीनवर ३० टक्के ग्लासच्या (काचेचे तंतू घातलेल्या) नायलॉनमध्ये गनचं हँडल निघतं. कॅप काळी आणि पिवळी, हँडल काळं. रंगासाठी ‘सगळ्या प्लास्टिकला चालतो’ असा युनिव्हर्सल मास्टरबॅच (रंगाचे दाणे) २ टक्के टाकतात. जूनपासून पार्टवर चंदेरी रेघा येतात, गेटजवळ (डायमध्ये माल शिरतो त्या तोंडाशी) कॅपची साल निघते, पिवळा मळकट पडतो आणि शॉटगणिक वेगळा दिसतो, हँडल खाली पडलं की तुटतं. रंगवाला म्हणतो मशीन बघा, मशीनवाला म्हणतो रंग बदला. करायचं काय?

या सगळ्या तक्रारी रंगाच्या नावाने आल्या आहेत, पण यातली खऱ्या अर्थाने रंगद्रव्याची तक्रार एकच आहे, पिवळा मळकट होण्याची. साल निघते ती कॅरिअरमुळे, म्हणजे रंग ज्यात मळलेला असतो त्या प्लास्टिकमुळे. रेघा पाण्यामुळे येतात. शॉटगणिक छटा बदलते ती डोसमुळे. हँडल तुटण्यामागे तीन-चार कारणं एकत्र असतात. म्हणून आधी हे वेगवेगळं करून घ्या, नाहीतर बॅगमागून बॅग बदलत राहाल आणि रिजेक्शन तेवढंच राहील.

वेगळं करायचा मार्ग सोपा आहे. नीट सुकवलेलं नॅचरल नायलॉन, रंग न घालता, त्याच डायवर त्याच सेटिंगला चालवा. आधीचा रंग निघून गेल्यावर सलग २० शॉट घ्या. रेघा तरीही येत असतील तर रंगवाल्याला फोन करू नका, दोष पाण्यात किंवा मशीनमध्ये आहे. रेघा गेल्या आणि रंग घातल्यावर परत आल्या, तर पाणी किंवा उडून जाणारं मेण मास्टरबॅचमधून येतंय. नॅचरल कॅपचीही साल निघत असेल तर बॅरलमध्ये आधीच्या कामाचं पीपी (पॉलिप्रोपिलीन) किंवा एचडीपीई (कडक पॉलिथिलीन) शिल्लक आहे. हा अर्ध्या तासाचा प्रयोग कुणी करत नाही आणि वाद मात्र महिनाभर चालतो.

आता कॅरिअर. मास्टरबॅच म्हणजे रंगद्रव्य आणि ते ज्यात मळलेलं असतं ते प्लास्टिक. युनिव्हर्सलमध्ये हे प्लास्टिक बहुधा पॉलिथिलीन, ईव्हीए (कमी तापमानाला मऊ होणारं प्लास्टिक) किंवा मेण असतं. काळ्या मास्टरबॅचमध्ये ४० टक्के कार्बन ब्लॅक आणि ६० टक्के पॉलिथिलीन धरलं, तर २ टक्के डोसने तुमच्या कॅपमध्ये १.२ टक्के पॉलिथिलीन जातं. नायलॉन आणि पॉलिथिलीन एकमेकांत विरघळत नाहीत. गेटमधून माल वेगाने आत शिरताना हे पॉलिथिलीन ताणलं जाऊन पृष्ठभागाखाली पातळ थर धरतं आणि तिथे नखाने साल निघते. त्याहून वाईट म्हणजे गेटच्या समोरच्या बाजूला, जिथे दोन प्रवाह भेटतात त्या वेल्ड लाइनवर, नायलॉनला नायलॉन चिकटू देत नाही. कॅप आट्यांमध्ये उभी चिरते ती बहुतेक वेळा याच रेषेवर. पीपीच्या बादलीत हा मास्टरबॅच उत्तम चालेल, नायलॉनच्या दाब सोसणाऱ्या पार्टमध्ये नाही. ज्या पार्टवर जोर येत नाही तिथे अर्धा-एक टक्का खपून जातो हे खरं, पण फवारणीच्या दाबाखाली राहणारी कॅप त्यात बसत नाही.

नायलॉनसाठी नायलॉन ६ कॅरिअरचाच मास्टरबॅच घ्या. नायलॉन ६६ चा पार्ट असला तरी हाच चालतो, कारण नायलॉन ६ सुमारे २२० अंशांना वितळतं आणि ६६ सुमारे २६० ला, म्हणजे कॅरिअर आधी वितळून मिसळतो. उलट करू नका. ६६ च्या कॅरिअरचे दाणे नायलॉन ६ च्या २४० अंशांच्या बॅरलमध्ये अर्धवट राहतील.

बॅगेवर ‘नायलॉन ग्रेड’ छापलंय म्हणून विश्वास ठेवायची गरज नाही, तपासता येतं. अॅल्युमिनियम फॉइलवर २५-३० दाणे पसरून ओव्हनमध्ये १५० अंशांना १५ मिनिटं ठेवा. बाहेर काढल्या काढल्या चमच्याच्या पाठीने दाबा. दाणे चपटे झाले किंवा एकमेकांना चिकटले तर कॅरिअर पॉलिथिलीन किंवा ईव्हीए आहे. नायलॉनचे दाणे या तापमानाला कडकच राहतात. आणखी खात्री हवी असेल तर लॅबमध्ये ८५ टक्के फॉर्मिक अॅसिडमध्ये चार-पाच दाणे रात्रभर ठेवतात. नायलॉन विरघळून रंग तळाला बसतो, पॉलिथिलीन दाण्याच्या आकारातच राहतं. हे अॅसिड कातडी भाजतं, त्यामुळे हातमोजे, चष्मा आणि हवेशीर जागा यांशिवाय बाटलीला हात लावू नका. रोजच्या कामाला ओव्हनची चाचणी पुरे.

याचा एक ओळखीचा पुरावा तुमच्या शॉपमध्येच मिळू शकतो. मास्टरबॅच मिसळलेला माल हॉपर ड्रायरमध्ये ८० अंशांना टाकला आणि खाली गोळे होऊन माल अडकू लागला, तर आत ईव्हीए किंवा मेण मऊ होतंय. नायलॉन कॅरिअरने गोळे होत नाहीत.

पाण्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण सांगली-मिरज पट्ट्यात निम्मं नुकसान याच्यामुळे होतं. नायलॉन ६ हवेतलं पाणी ओढतं. ५० टक्के आर्द्रतेत बराच काळ राहिलं तर अडीच-तीन टक्के, पाण्यात बुडवून ठेवलं तर नऊ टक्क्यांपर्यंत. मोल्डिंगला मात्र ०.२ टक्क्याच्या खाली हवं, ०.१ च्या आसपास असेल तर उत्तम. त्याहून जास्त पाणी बॅरलमध्ये दोन गोष्टी करतं. वाफ होऊन रेघा काढते, ते दिसतं. दुसरी गोष्ट दिसत नाही: गरम पाणी नायलॉनच्या लांब साखळ्या तोडतं, माल पातळ होतो, नोझलमधून गळतो आणि पार्ट ठिसूळ होतो. तुटलेली साखळी परत जोडली जात नाही, त्यामुळे असा पार्ट पाण्यात उकळून किंवा वाफवून सुधारत नाही.

साधा हॉट एअर ड्रायर बाहेरचीच हवा गरम करून आत सोडतो. जुलैत हवा २५ अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर धरली तर तिचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं) २२-२३ अंशांच्या घरात जातो. ती ८० अंशांना तापवली तरी त्यातलं पाणी तितकंच राहतं, आणि अशा हवेने नायलॉन ०.२ च्या खाली आणणं फार कठीण. फेब्रुवारीत कोरड्या दुपारी हाच दवबिंदू दहा-बारा अंशांवर असतो, म्हणून तोच ड्रायर तेव्हा निभावून नेतो आणि जूनमध्ये ‘रंग खराब आला’ अशी समजूत होते. उपाय म्हणून तापमान १०० वर नेऊ नका. गरम हवेत ८५-९० च्या वर नायलॉन पिवळट पडतं आणि मग फिक्या रंगाची छटा कधीच जुळत नाही. पावसाळ्यात डीह्युमिडिफायिंग ड्रायरला (हवा आधी कोरडी करून सोडणाऱ्या) पर्याय नाही: ८० अंश, दवबिंदू उणे ३० किंवा त्याहून खाली, ४ तास. उघडी राहिलेली बॅग असेल तर ८ ते १२ तास. लहान युनिटला मोठा ड्रायर परवडत नसेल तर २५-५० किलोचा घ्या, किंवा व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ट्रे लावून ८० अंशांना ८ तास द्या.

इथे बहुतेक जण जे विसरतात ते म्हणजे मास्टरबॅच स्वतः सुकवणं. नायलॉन कॅरिअरचा मास्टरबॅच नायलॉनइतकाच पाणी धरतो आणि कार्बन ब्लॅकचे बारीक कण आपलं वेगळं पाणी धरून बसतात. २५ किलो माल व्यवस्थित सुकवायचा आणि त्यात आठवडाभर उघड्या गोणीत पडलेला अर्धा किलो काळा टाकायचा, याने सगळी मेहनत वाया जाते. त्या अर्ध्या किलोत ३ टक्के पाणी असेल तर ते १५ ग्रॅम झालं. २५ किलोवर पसरलं तरी ०.०६ टक्के, म्हणजे तुमच्या मर्यादेचा जवळपास तिसरा भाग एकट्या रंगाने खाल्ला. मास्टरबॅच वेगळ्या ट्रेमध्ये ८० अंशांना ४ ते ६ तास सुकवा, दिवसाला लागेल तेवढाच काढा आणि उरलेली फॉइलची बॅग हवा काढून सील करा. एसी स्टोअरमधून आणलेली थंड बॅग लगेच उघडू नका, दाण्यांवर दव बसतं. आधी ती शॉपच्या तापमानाला येऊ द्या.

मॉइश्चर मीटर नसेल तर दोन काचपट्ट्यांची जुनी चाचणी चांगली चालते. हॉटप्लेटवर २६०-२७० अंशांना काचेची पट्टी तापवा, तीन-चार दाणे ठेवा, वितळू लागले की वरून दुसरी पट्टी दाबून रुपयाएवढा पातळ ठिपका करा आणि थंड होऊ द्या. भिंगातून ठिपका स्वच्छ दिसला तर माल कोरडा. भरपूर बुडबुडे दिसले तर परत ड्रायरमध्ये. एखाद-दुसरा बुडबुडा दाबताना अडकलेल्या हवेचा असतो, त्याने घाबरू नका. नॅचरलवर ही चाचणी स्पष्ट दिसते, काळ्यावर नाही.

सुकवलेला माल हॉपरमध्ये अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच भरा, झाकण लावा. रीग्राइंड (दळून परत वापरायचा माल) वापरत असाल तर रनर डायमधून निघाल्यावर लगेच दळून परत घाला, तेव्हा तो कोरडाच असतो. संध्याकाळी गोणीत भरून सकाळी वापरलात तर तो सुकवावाच लागेल. आणि हिशेबात एक गोष्ट: रीग्राइंडमध्ये रंग आधीच आहे. २० किलो नवा माल आणि ५ किलो पिवळा रीग्राइंड असेल तर २ टक्के २० किलोवर काढायचे, म्हणजे ४०० ग्रॅम. २५ किलोवर ५०० ग्रॅम टाकले की दर फेरीला छटा गडद होत जाते आणि कारण सापडत नाही.

शॉटगणिक बदलणाऱ्या छटेचं गणित करून बघा, चटकन उलगडेल. मास्टरबॅचचे १०० दाणे मोजून तोला. २ ग्रॅम भरले तर एक दाणा २० मिलिग्रॅमचा. ४८ ग्रॅमच्या शॉटला २ टक्के म्हणजे ०.९६ ग्रॅम, म्हणजे फक्त ४८ दाणे. कितीही घुसळलं तरी एका शॉटला ४२ आणि दुसऱ्याला ५४ जाणं हे होणारच. स्क्रू मालाला आडवं चांगलं मिसळतो, पण पुढच्या-मागच्या शॉटचा माल एकमेकांत फारसा मिसळत नाही, त्यामुळे हा फरक थेट कॅपवर दिसतो. काळ्यात डोळ्याला कळत नाही, पिवळ्यात कळतो. म्हणून लहान पार्टला ‘स्ट्राँग’ मास्टरबॅच घेऊन १ टक्का टाकण्यात शहाणपण नाही. निम्म्या ताकदीचा घेऊन ४ टक्के टाका, दाणे ९६ होतात आणि छटा सावरते. किंवा बारीक दाण्याचा मास्टरबॅच मागवा. दर ठरवताना किलोचा भाव बघू नका, आतलं रंगद्रव्य बघा: ४० टक्क्यांचा २ टक्के टाकला काय किंवा २५ टक्क्यांचा ३.२ टक्के टाकला काय, पार्टमध्ये ०.८ टक्केच जातं.

हाताने मिसळत असाल तर ड्रम दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका आणि १०-१२ मिनिटं फिरवा. फावड्याने गोणीत ढवळणं म्हणजे मिसळणं नव्हे. मिसळलेला माल लांब पाइपच्या लोडरने ओढला किंवा हलणाऱ्या हॉपरमध्ये तासन्‌तास ठेवला की जड, बारीक दाणे खाली सरकतात, मग पहिल्या तासाचा माल गडद आणि शेवटचा फिका निघतो. थ्रोटवर (हॉपरखालच्या तोंडावर) बसून रंग मोजून सोडणारा डोसर हा याचा खरा उपाय. त्यावरचा आकडा खरा मानू नका. डोसरचा माल २० शॉट पिशवीत घेऊन तोला, तुमच्या कामाला १९.२ ग्रॅम यायला हवा. मास्टरबॅचचा लॉट बदलला की हे पुन्हा करा, कारण दाण्याचा आकार बदलतो.

रंगाचे भोवरे दिसत असतील तर साध्या नायलॉनला बॅक प्रेशर (स्क्रू मागे येताना त्याला होणारा विरोध) गेजवर ५ ते १० किलो ठेवा, मागचा झोन ५-१० अंशांनी वाढवा आणि स्क्रू कूलिंग संपायच्या थोडं आधीच परत येईल एवढाच वेग द्या. डीकम्प्रेशन, म्हणजे शेवटी स्क्रू थोडा मागे ओढणं, नोझल गळणं थांबेल इतकंच. जास्त मागे ओढलं की हवा आत घुसते आणि अगदी पाण्यासारख्याच रेघा निघतात.

ग्लासच्या मालात मात्र हाच बॅक प्रेशर शत्रू आहे. तंतू जितका लांब तितकी ताकद, आणि रंग मिसळावा म्हणून प्रेशर वाढवलं की स्क्रूमध्ये तंतू मोडतात. पार्ट चकचकीत निघतो आणि पडला की तुटतो. हँडलसाठी प्रेशर २ ते ४ किलोवर आणा, डाय ८० ते ९० अंशांवर ठेवा. शक्य असेल तर रंग मिसळायच्या फंदात न पडता काळा कंपाउंडच घ्या. नायग्रोसिन (काळा डाय) असलेले ग्रेड हळू गोठतात, त्यामुळे ग्लास वर दिसत नाही आणि पृष्ठभाग गुळगुळीत येतो. उद्या कुणी पांढरं किंवा राखाडी हँडल मागितलं तर ग्लासमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड नको. तो कडक असतो आणि काचेच्या तंतूंना ओरखडे पाडून मोडतो. झिंक सल्फाइडचा पांढरा मागा, झाकण्याची ताकद कमी आहे पण तंतू वाचतात.

पिवळ्याकडे वळू. नायलॉनचा वितळलेला माल रंगांना कठीण जातो: तापमान २४० च्या वर, वर अमाइन गट रसायन म्हणूनही काम करतात. पीपीत झळकणारे बरेचसे सेंद्रिय पिवळे आणि लाल इथे फिके किंवा तपकिरी होतात. स्वस्त डायअॅरिलाइड पिवळा २०० अंशांच्या वर विघटन पावतो. पिवळा आयर्न ऑक्साइड १८० च्या आसपास आपलं पाणी सोडून लालसर होऊ लागतो. कॅडमियमचे पिवळे तापमानाला टिकतील, पण ते आणि लेड क्रोमेट आरओएचएसमध्ये (घातक पदार्थांवर बंधन घालणाऱ्या नियमात) बसत नाहीत आणि शेतात वापरायच्या वस्तूत ते घालूही नयेत. राहतात ते निकेल टायटॅनियम, क्रोम टायटॅनियम आणि उष्णतारोधक कोटिंगचा बिस्मथ व्हॅनाडेट. निकेल टायटॅनियम लिंबासारखा हिरवट पिवळा देतो पण ताकद कमी, त्यामुळे पार्टमध्ये एक-दोन टक्के रंगद्रव्य जावं लागतं. क्रोम टायटॅनियम हळदीकडे झुकतो. गिऱ्हाइकाला पीपीच्या नमुन्याइतका झगझगीत पिवळा नायलॉनमध्ये मिळणार नाही हे ऑर्डर घेतानाच सांगा.

नवा पिवळा पास करण्याआधी ही चाचणी घ्याच: नेहमीच्या सायकलवर एक कॅप काढा, मग मशीन ५ मिनिटं थांबवून पुढच्या पाच शॉटच्या कॅप घ्या. उन्हात शेजारी ठेवा. थांबल्यानंतरच्या कॅप मळकट असतील तर तो रंग उष्णतेला टिकत नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर किंवा वीज गेल्यावर तुमचा माल याच अवस्थेतून जातो.

अॅडिटिव्हचं थोडक्यात. उन्हात राहणाऱ्या काळ्या हँडलला बारीक कणांचा कार्बन ब्लॅक २ टक्क्यांच्या आसपास लागतो. ३० टक्क्यांचा मास्टरबॅच २ टक्के टाकला तर पार्टमध्ये ०.६ टक्केच जातो, दिसायला काळं पण उन्हासाठी अपुरं. तिथे डोस ६.७ टक्के होतो आणि मग कॅरिअर नायलॉनचा असणं आणखीच गरजेचं. पिवळ्या कॅपला यूव्ही स्टॅबिलायझर हवा. तो वेगळा घेण्याऐवजी रंगासोबत एकाच मास्टरबॅचमध्ये करून मागा. कॉपर आयोडाइडचा हीट स्टॅबिलायझर इंजिनाजवळच्या पार्टसाठी असतो, फवारणीच्या कॅपला त्याचा उपयोग नाही आणि फिका रंग तो बिघडवतो. कॅप डायला चिकटते म्हणून कॅल्शियम स्टिअरेट टाकत असाल तर २५ किलोला २५ ते ५० ग्रॅम, तराजूवर तोलून. मूठभर टाकलं की स्क्रू घसरतो, रिकव्हरीचा वेळ वरखाली होतो आणि वेल्ड लाइन पुन्हा कमकुवत.

हँडल तुटतंय असं ठरवण्याआधी ते कोणत्या अवस्थेत टाकून बघता हे पाहा. डायमधून नुकतंच निघालेलं नायलॉन पूर्ण कोरडं आणि ठिसूळच असतं, त्याची चिवटता पाणी घेतल्यावर येते. दहा पार्ट ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोला, ७०-८० अंशांच्या पाण्यात ठेवा, दर तासाला पुसून तोला. साध्या नायलॉनची कॅप अडीच टक्के वजन घेईपर्यंत, ३० टक्के ग्लासचं हँडल पावणेदोन टक्क्यांपर्यंत. त्यानंतर ड्रॉप टेस्ट घ्या. आता पास झालं तर माल ठीक आहे, डिस्पॅचआधी असंच पाणी पाजणं, म्हणजे कंडिशनिंग, लावा. आताही तुटलं तर पाण्याने साखळ्या तुटल्यात, तंतू मोडलेत किंवा पॉलिथिलीन आत गेलंय. आट्यांचा गेजही कंडिशनिंगनंतरच लावा, कारण माप वाढतं. काळी कॅप बसते आणि पिवळी घट्ट होते अशी तक्रार आली तर आश्चर्य नको: कार्बन ब्लॅकमुळे नायलॉन लवकर आणि बारीक स्फटिकांत गोठतं, त्यामुळे रंग बदलला की आकुंचनही थोडं बदलतं.

पर्जिंगला (बॅरल धुवून काढायला) एचडीपीई वापरलंत तर शेवटी किमान तीन-चार बॅरलभर नॅचरल नायलॉन ओढून काढा. काळ्यावरून पिवळ्यावर जाताना नोझल आणि स्क्रूचं टोक उघडून चेक रिंगमागे (माल मागे जाऊ न देणाऱ्या कडीमागे) अडकलेला काळा काढा, नाहीतर दोन दिवस काळे ठिपके येत राहतील आणि नवा पिवळाही परत जाईल.